बांधाच्या पलीकडचं पाणी

मी पाण्याला घाबरते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाईने उगाच भीतीचा फुगा फुगवला असं पुढे कोणी म्हणायला नको. माझं माहेर लोअर परळच्या चाळीतलं. आमच्याकडे पाणी म्हणजे पहाटे तासभर येणारी नळाची धार आणि मोरीतला निळा ड्रम. लग्न करून आले ती माहीमच्या कोळीवाड्यात, जिथे मागचं दार उघडलं की चार पावलांवर खाडी. बारा वर्षं झाली, त्या दाराची कडी मी दिवसातून चारदा तरी बघते. सासरचे हसतात. हसू देत.

या प्रवासाला निघालो तेही माझ्या या घाबरटपणामुळेच. माझी मुलगी आर्या नऊ वर्षांची झाली तरी तिला पोहता येत नव्हतं. कोळीवाड्यात ही लाजेची गोष्ट. माझे सासरे, म्हणजे बाबा, एकाहत्तरचे. सगळं आयुष्य होडीवर गेलं. आता होडी पुतण्या चालवतो आणि बाबा रोज सकाळी किनाऱ्यावर उभे राहून त्याच्या चुका काढतात. त्यांच्या एकुलत्या एका नातीला पाणी माहीत नाही हे त्यांना फार लागायचं. मी तिला खाडीत उतरू देत नव्हते, आणि माझ्याकडे कारण पक्कं होतं. आमच्या खाडीचं पाणी आता इतकं काळं झालंय की त्यात पाय घालायला बाबासुद्धा नाक मुरडतात. दादरच्या पोहण्याच्या तलावाचं नाव काढलं की म्हणायचे, "औषध मारलेल्या पान्यात काय पवायचं? त्यापेक्षा बालदीत बसवा तिला."

दिवाळीच्या सुट्टीत नितीनने, माझ्या नवऱ्याने, मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. सह्याद्रीतलं एक धरण, चारी बाजूंनी डोंगर, मध्ये निळं पाणी आणि काठाला पिवळट वाळूचा पट्टा. त्यावर रंगीत तंबू. लोक त्या काठाला चक्क 'बीच' म्हणतात आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची निम्मी तरुण मंडळी तिथे पडलेली असतात. बाबांनी व्हिडिओ दोनदा बघितला.

"लाट नाय, भरती नाय, वढ नाय," ते म्हणाले. "गोडं पानी. इथं पोर दोन दिवसांत तरंगल."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आर्याचा चेहरा बघितला आणि मिटलं. धरणाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांचं पोट त्या काठावर आहे आणि जे झालं त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता.

घाटात

सासूबाई आल्या नाहीत. दादरला त्यांची मासळीची जागा आहे, ती एक दिवस सोडली तर दुसरी कोणी पाटी मांडून बसते. आम्ही चौघंच निघालो. बाबा पुढे बसले, मांडीवर पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घेऊन. बूच मेणाने बंद केलेलं, कानाला सुती दोरी. "ह्याच्यावर तुझा बाप शिकला," त्यांनी आर्याला सांगितलं. कॅन पाठीला बांधायचा आणि पाण्यात सोडून द्यायचं, अशी त्यांची शाळा. मी ऑनलाइन मागवलेलं तरंगायचं नारिंगी जाकीट डिकीत होतं. ते बघून बाबा म्हणाले, "कोल्याची पोर ही. रस्त्यावर खड्डे खनायला चाललीय काय?" नितीन हसला. मीही हसले, आणि तिथेच माझं चुकलं. हट्ट धरायचा सोडून मी हसले.

घाट चढताना धुकं इतकं होतं की पुढच्या गाडीचे लाल दिवेच तेवढे दिसत होते. मी मागे दारावरचं हँडल धरून बसले होते. आर्या मात्र माझ्या कानाशी लागून विचारत होती, "आई, पाण्यात डोळे उघडे ठेवायचे की बंद?" मला कुठे माहीत.

काठावर

दुपारी पोचलो. पहिल्यांदा ते पाणी बघितलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरकले, आणि का सरकले हे कळायला मला थोडा वेळ लागला. त्या पाण्याला आवाज नव्हता. आमच्याकडे पाणी रात्रंदिवस काहीतरी बोलत असतं. जवळ आलं, लांब गेलं, भिंतीला लागलं, सगळं घरात बसून कळतं. इथे एवढं मोठं पाणी डोंगरांच्या मध्ये गप्प पडलेलं. काठापासून थोड्या अंतरावर एका वाळलेल्या झाडाचा शेंडा पाण्याबाहेर होता, त्यावर एक बगळा. एवढं झाड पाण्यात बुडलंय तर तिथे पाणी किती असेल, हा हिशेब मी मनात करत राहिले.

बाकी गर्दी जत्रेसारखी. मोमो, मॅगी, भाजलेली कणसं, स्पीकरवर कर्कश गाणी. पोरं हवा भरलेल्या बदकांवर बसून फोटो काढत होती. ज्याला त्याला मजा वाटत होती आणि मी एकटीच सुतकी चेहरा करून उभी होते.

आमचे तंबू होते ते चांगुणाबाईंच्या जागेत. साठीच्या, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. चुलीवरची तांदळाची भाकरी, हिरवा ठेचा आणि धरणातले बोटाएवढे मासे त्यांनी पानात वाढले. बाबांनी एक मासा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "मासा ताजा हाय. पण ह्याला चिखलाचा वास लागतो गो बाय."

"तुमच्याला खाऱ्याचा लागत आसंल," चांगुणाबाई शांतपणे म्हणाल्या.

आडनाव, गाव निघालं. त्या महादेव कोळी, डोंगरातल्या. बाबांना एकदम भरून आलं. "म्हंजे तुमी पन कोलीच. मग जालं खंय ठेवता?"

"आमच्यात जाळं न्हाई. आमच्यात भात हाय. व्हता," त्या म्हणाल्या आणि हाताने पाण्याकडे दाखवलं. धरण झालं तेव्हा त्यांच्या सासरचं सगळं रान खाली गेलं. आम्ही बसलो होतो ती जागा म्हणजे त्यांच्या शेताची वरची कड. उन्हाळ्यात पाणी उतरलं की शेत पुन्हा उघडं पडतं आणि त्या त्यात चालत जातात. म्हणून त्यांना ते पाणी वरून नाही, खालून माहीत होतं.

"ते सुकं झाड दिसतंय ना? ते नदीच्या अंगाला खाली उभं हाय, त्याच्या अलीकडं लागून आमचा बांध हाय," त्यांनी सांगितलं. "बांधापर्यंत सपाट वावर, पानी छातीला. बांधाच्या पल्याड एकदम नदीची दरड. तिथं बांबू बी पुरत न्हाई. लेकराला घेऊन झाडाच्या अलीकडंच ऱ्हावा."

मी ते मंत्रासारखं पाठ केलं. झाडाच्या अलीकडे वावर, पलीकडे दरड. बाबा पाण्याकडे डोळे बारीक करून बघत होते. पंचेचाळीस वर्षं ते पाण्याचा वरचा रंग बघून खालचा खडक ओळखत आले. कुठे लाट फुटते, कुठे पाणी काळवंडतं, त्यावरून सगळं सांगायचे. "मना नको पानी शिकवू बाय," ते म्हणाले. हसूनच म्हणाले. चांगुणाबाईही हसल्या आणि भाकरी थापायला उठल्या. पण इथे लाटच नव्हती, मग ते कशावरून ओळखणार? हा प्रश्न माझ्या जिभेवर होता. सासऱ्याला असं विचारायचं नसतं म्हणून गिळला.

रविवारी सकाळी

थंडी बोचत होती. पाण्यावरून वाफ निघत होती आणि समोरचे डोंगर अर्धेच दिसत होते. रात्री नाचून दमलेली मंडळी तंबूत घोरत होती, त्यामुळे काठ मोकळा. नितीन वर गाडीतून टॉवेल आणायला गेला. चांगुणाबाई थोड्या अंतरावर भांडी घासत बसल्या होत्या.

बाबांनी पिशवीतून नारळ काढला. नव्या पाण्यात उतरायचं तर आधी त्याला मान द्यायचा, हा त्यांचा नेम. होडी पहिल्यांदा पाण्यात घालताना, नारळी पौर्णिमेला, आणि आता नातीच्या पहिल्या पोहण्याला. नारळाला हळदकुंकू लावलं, आर्याचा हात लावला आणि जोरात आत फेकला. नारळ पडला तो वाळक्या झाडाच्या जरा पलीकडे. आम्ही तिघांनी हात जोडले. मीही अगदी मनापासून जोडले, माझ्या पोरीला काही होऊ नये म्हणून.

मग बाबा आर्याला घेऊन उतरले. पाठीला कॅन, कमरेला दोरी, आणि बाबांचा हात तिच्या पोटाखाली. मी गुडघाभर पाण्यात उभी. पाणी इतकं गार होतं की पोटऱ्या दुखायला लागल्या. आर्या पाय मारत होती, पाणी उडवत होती, नाकातोंडात गेलं की खोकत होती. दहा मिनिटांनी बाबांनी हात हळूच काढून घेतला आणि ती तरंगली. "आई, बघ ना, मला कोणी धरलं नाहीये." खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला रडू आलं, आनंदाने. क्षणभर वाटलं, मीच मूर्ख, नऊ वर्षं हिला कोंडून ठेवलं.

पण बाबांचं लक्ष नारळाकडे जात होतं. आमच्याकडे नारळ टाकला की ओहोटी त्याला ओढून नेते, पाच मिनिटांत दिसेनासा होतो. समुद्राने घेतला म्हणतात. इथे तो टाकला तिथेच उभा होता. ना पुढे, ना मागे.

"घेतला नाय अजून," बाबा पुटपुटले.

"अहो बाबा, इथे ओहोटी कुठे आहे," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही. मान न स्वीकारलेल्या पाण्यात नात पोहतेय, ही गोष्ट त्यांना सहन होईना. त्यांनी आर्याच्या कॅनची दोरी डाव्या हाताला गुंडाळली आणि नारळ पुढे ढकलायला म्हणून चालू लागले. पाणी त्यांच्या छातीला होतं. आर्या मागोमाग दोरीने ओढली जात होती आणि तिला तो खेळ वाटत होता.

"बाबा, झाड. बांध आला," मी ओरडले.

ते अजून एक पाऊल पुढे गेले आणि नाहीसे झाले. आवाज झाला नाही. पाण्यावर नुसता एक गोल उठला.

मला वाटलं, येतील वर. कोळी आहेत, पंचेचाळीस वर्षं समुद्रात काढलीत. आणि ते आलेच वर, पण तो चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. डोळे उघडे होते आणि ते कोणाकडेच बघत नव्हते. गार पाण्याने त्यांचा श्वास अडकला होता की गोड्या पाण्यात अंग त्यांना वाटलं तसं उचललं गेलं नाही, ते नंतर डॉक्टरही नीट सांगू शकले नाहीत. त्यांचे दोन्ही हात समोर जे तरंगत होतं त्यावर पडले. तो कॅन होता. कॅन आर्याच्या पाठीला होता.

आर्या तोंडावर पाण्याखाली गेली. बाबा वर आले, श्वास घेतला, आणि श्वास घ्यायला म्हणून त्यांनी कॅन आणखी खाली दाबला. तिचे केस पाण्यावर पसरलेले मला दिसले. दोन हात वर आले, बोटं उघडली, मिटली.

मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. चांगुणाबाईंचा कपडे वाळत घालायचा बांबू माझ्या हातात कसा आला, माहीत नाही. मी पाण्यात चालत गेले. मोरीतल्या ड्रमात वाकताना जिची छाती धडधडते ती मी, गळ्यापर्यंत आत गेले. पायाखाली बांधाचे दगड लागले. तिथे थांबले, कारण पलीकडे दरड आहे हे मला पाठ होतं. भीती होतीच. मागून चांगुणाबाईंनी माझा पदर आणि कंबर घट्ट धरली होती. त्या म्हणत होत्या, "त्यांना बांबू दे, त्यांना बांबू दे."

मी बांबू पुढे केला. बाबांनी धरला नाही. त्यांना दिसतच नव्हता. मग मी तो उचलला आणि त्यांच्या हातावर मारला. पहिला फटका नीट बसला नाही. दुसरा मनगटावर बसला, सगळ्या ताकदीने. दोन्ही हात सुटले. आर्या कॅनसकट उसळून वर आली. तेवढ्यात नितीन कपड्यांनिशी माझ्या बाजूने उडी मारून गेला आणि त्याने तिला उचललं. बाबांच्या हातात आता बांबू होता. आम्ही दोघी बायकांनी तो ओढला.

काठावर आर्याने पाणी ओकलं, खोकली, आणि मग रडायला लागली. तिच्या रडण्याचा आवाज आला तेव्हा मी वाळूतच बसले. चांगुणाबाईंनी दोघांना घोंगड्यांत गुंडाळून चुलीपाशी नेलं. 'मी सांगितलं होतं' असं त्या बाईने चुकूनही म्हटलं नाही. बाबा डाव्या हाताने उजवं मनगट धरून विस्तवाकडे बघत बसले होते.

माहीम

जवळच्या गावातल्या दवाखान्यात दोघांना दाखवलं. छाती साफ होती. संध्याकाळी घरी आलो. सासूबाईंनी आधी नातीला जवळ घेतलं, मग त्यांचं लक्ष बाबांच्या मनगटाकडे गेलं. ते काळंनिळं होऊन सुजलं होतं.

"ह्ये काय झालं?"

"दगड लागला," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

शेजारपाजार जमला. आर्याला तर ऊतच आला होता. मुलांचं असंच असतं, सकाळी मरणाच्या दारात आणि संध्याकाळी गोष्ट सांगायला तयार. "आम्ही दोघं खोल पाण्यात गेलो," ती सांगत होती, "आणि आजोबांनी मला इतकं घट्ट धरलं, इतकं घट्ट, की मी खाली गेले तरी त्यांनी मला सोडलंच नाही." शेजारणींनी डोळे पुसले. कोणीतरी बाबांच्या पाया पडलं. नितीनने मान डोलावली. त्याने शेवटचंच बघितलं होतं, त्याच्या आधीचं नाही. सगळं बघितलेल्या आम्ही दोघीच, मी आणि डोंगरातली ती बाई.

बाबा उठून आत आले. मी स्वयंपाकघरात कुकर लावत होते. ते दारात उभे राहिले. बाहेर आर्या तीच गोष्ट दुसऱ्या कोणाला तरी पहिल्यापासून सांगत होती.

"तू बघितलंस ना?" त्यांनी विचारलं.

"बघितलं, बाबा."

ते भिंतीला टेकले. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं, त्यांचा सख्खा भाऊ गेला तेव्हासुद्धा. "मना ठाऊक नव्हतं गो ती कोन हाय," ते म्हणाले. "आर्या हाय, नात हाय, कायच ठाऊक नव्हतं. हाताला कायतरी लागलं, ते धरलं. येवढंच. मी तिला मारली असती."

मी त्यांना काय सांगणार होते? होतं असं माणसाचं, मनाला लावून घेऊ नका, हे म्हणता आलं असतं. पण तेव्हापासून मी स्वतः ज्या गोष्टीने हादरले होते ती पाण्याची नव्हती, बाबांचीही नव्हती. दुसरा फटका मारताना मी नेम त्यांच्या मनगटावर धरला नव्हता. डोक्यावर धरला होता. पाण्याने नेम चुकला. डोक्यावर बसला असता आणि हा माणूस दरडीत गेला असता, तरी मी त्या वेळी आर्यालाच उचललं असतं आणि मागे वळून बघितलं नसतं. सकाळपासून हे मी कोणाला बोलले नव्हते. नितीनला तर कधीच बोलू शकणार नाही.

"बाबा," मी म्हणाले, "बांबू मारताना मलाही ठाऊक नव्हतं तुम्ही कोण आहात ते. मी मनगटावर मारला नव्हता."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बारीक केला.

"बरं केलंस," ते म्हणाले. आणि सुजलेला हात पुढे करून म्हणाले, "तेल लाव जरा. बोटं वळत नाय."

मी वाटीत तेल घेतलं आणि त्यांच्यासमोर खाली बसले.